सगुणेचा मुराळी

अंतराळात पाठवलेली गोगलगाय ठरलेल्या यानानं खाली आली नाही. माहेराहून मुराळी न्यायला आल्याशिवाय मी येणार नाही, असं तिनं वरच्या खिडकीच्या काचेवर लिहून कळवलं.

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. लातूरकडं अजूनही पंचमी जवळ आली की लेकी कामाचं निमित्त काढून दारात येतात आणि रस्त्याच्या टोकाकडं बघतात. हातात मोबाईल असतो, तरी बघतात. तेव्हा गोगलगाईनं मागितलं त्यात वावगं काही नव्हतं. अडचण एवढीच होती, की तिचं सासर आभाळाच्या वर होतं आणि माहेर तालुक्याच्या कॉलेजात.

निरोप आला तेव्हा विज्ञानाची पोरंपोरी मेसमध्ये जेवत होती. वलांडे सर दारातूनच ओरडले, "अगं समृद्धी, तुमची गोगलगाय रुसली!"

समृद्धी बिराजदार हातातला घास ताटात ठेवून उठली. वजन नसलेल्या जागी जित्या जिवाचं काय होतं, त्याचा पाय चिकटतो का, शंख वाढतो का, हे शोधायचं काम तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलं होतं. अंतराळ खात्यानं कॉलेजांकडून लहान जीव मागवले होते. कुणी रेशमाचे किडे दिले, कुणी मुंग्या दिल्या. या पोरींनी गोगलगाय दिली, कारण त्या भागात पावसाळ्यात सोयाबीनपेक्षा गोगलगायीच जास्त उगवतात.

"काय म्हणते सर ती?"

"मुराळी पाठवा म्हणते. माझ्या उभ्या नोकरीत असा नमुना बघितला नाही."

चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या कुशावर्ताबाईचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिला वास आला नाही. हे आपल्यामुळंच झालंय, हे तिला तिथंच समजलं.

झालं होतं असं. ती गोगलगाय मेथीच्या जुडीतून आली होती. मेसमध्ये गोगलगाय निघाली की तिच्यावर मिठाची चिमूट टाकायची, ती विरघळते, हा रिवाज. कुशावर्तानं त्या दिवशी मिठाकडं हात नेला आणि मागं घेतला. का, ते तिचं तिला ठाऊक. तिनं गोगलगाय धुतली, समृद्धीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुला एक पायजे होती ना. हिचं नाव सगुणा."

"नाव कशाला मावशी? नमुना आहे तो."

"नमुना तुजा. माझी सगुणा हाय."

पुढं सगुणेला डबीत घालून पाठवायचा दिवस आला. सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. कुशावर्ता पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, लेकीला रिकामी कशी पाठवायची? तिनं डबीत तांदळाचा दाणा ठेवला, हळदीचं बोट लावलं, खोबऱ्याचा कण घातला. ओटी भरली. मग डबीजवळ तोंड नेऊन हळूच बोलली, "सुखानं नांद. पण एक ध्यानात ठेव. मुराळी आल्याबिगर उंबरा ओलांडू नको. एकटी आलीस तर लोक म्हणतील, टाकून दिली."

हे शब्द तिचे नव्हते. लग्नाच्या दिवशी तिच्या चुलतीनं तिला सांगितले होते. कुशावर्तानं ते पाळले. आईबाप होते तोवर भाऊ न्यायला येत होता. आईबाप गेले आणि भावानं हक्कसोडाचा कागद पुढं केला. माहेरची वाट तेवढी राहू दे म्हणून तिनं त्यावर सही करून दिली. भावानं कागदही नेला आणि वाटही. त्यानंतरच्या पंचम्या तिनं मेसमध्ये भाकरी थापून काढल्या. मेसमधली भाकरी पंचमीला बंद नसते, हे एक बरं होतं.

सगुणेनं मात्र सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. लिहायला ती कुठं शिकली, हे कुणी विचारलं नाही. कुशावर्ता चौथी शिकली तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

आठवड्याभरात अंतराळ खात्याचे चौबळ साहेब पांढऱ्या गाडीतून आले. सडपातळ, शांत गृहस्थ. मेसच्या बाकावर बसून त्यांनी बैठक घेतली, कारण कॉलेजच्या सभागृहाची किल्ली सापडत नव्हती.

"परिस्थिती अशी आहे," चौबळ साहेब म्हणाले, "की आपली गोगलगाय अंडी घालण्याच्या बेतात आहे. अंड्यांना माती लागते. वर माती नाही आणि नियमानुसार नेताही येत नाही. अंड्यांच्या आधी खाली येणारी यानं आता दोनच शिल्लक आहेत. ती त्यांतल्या एकातून आली नाही, तर अंडीही जातील आणि तिचंही सांगता येत नाही."

समृद्धीचा चेहरा उतरला. "सर, तिला उचलून यानात ठेवता येणार नाही?"

"प्रयत्न केला. तिनं काच सोडली नाही. जोर केला तर शंख फुटेल."

"पहिलं बाळंतपण माहेरीच होतं," कुशावर्ता चहा ठेवता ठेवता म्हणाली. "तिचं काय चुकलं?"

चौबळ साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि मान हलवली. "चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या जिवाची ओटी भरून पाठवणी झाली, त्याला न्यायला माणूस गेला पाहिजे. हे आमच्या नियमात नाही, परंतु नियमांच्या आधीपासून आहे. त्यामुळे खातं आपला माणूस पाठवील."

खात्यानं माणूस पाठवला. चांगला शिकलेला, तरणाबांड, इस्त्रीचे कपडे. तो वर गेला, काचेपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "चला." सोबत शिदोरी म्हणून त्यानं खारी बिस्किटं नेली होती. मिठाचा वास येताच सगुणा शंखात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तो माणूस आला तसा परत गेला. आता एकच यान उरलं. दुसऱ्या दिवशी काचेवर नवी रेघ चमकत होती: हे आमचे कोणी नव्हेत.

"मी जाते," कुशावर्ता म्हणाली.

या खेपेला चौबळ साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "कुशावर्ताबाई, मुराळी म्हणून भाऊ जातो, नाहीतर भाचा, पुतण्या. बाई गेल्याचं ऐकिवात नाही."

"भाऊच पायजे म्हणता? मंग न्यायला आलेले भाऊ आणा माज्यापुढं उभे करून. माजाबी आणा त्यात. मी त्याला वळखते का बगू."

वलांडे सर खिडकीबाहेर बघू लागले.

"वयाचा प्रश्न आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "रक्तदाब आहे का तुम्हाला?"

"हाय. तोबी येईल संगट."

"नातं काय दाखवायचं?"

"मी तिच्यावर मीठ टाकलं न्हाई. याच्यापेक्षा जवळचं नातं कुटं असतंय का?"

चौबळ साहेबांनी थोडा विचार केला आणि ते पुरेसं आहे, असं ठरवलं.

कुशावर्ताला मोठ्या शहरात नेऊन तपासलं. खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं. उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" ती म्हणाली, "बाजारच्या दिवशी जीपच्या मागच्या दांडीला लोंबकळून जाते मी. तिथं खुर्चीबी नसते." डॉक्टरांनी सही केली. नवरा व्यंकटराव एवढंच म्हणाला, "भाकरीचं काय?" ती म्हणाली, "मेसमध्ये जेवा. तिथं दुसरी बाई थापतीय, माज्याइतकी गोल येत न्हाई, पण पोट भरतं."

शिदोरी तिनं आदल्या दिवशी केली. अळणी धपाटे. मेथीची कोवळी जुडी. शंखाला बळ यावं म्हणून अंड्याच्या टरफलांची वस्त्रगाळ पूड. समृद्धी शेजारी उभी राहून बघत होती.

"मावशी, मिठाशिवाय धपाटे? तुम्ही काय खाणार?"

"तेच. लेकीला न्यायला जाताना तिला सोसंल ते खायचं असतं."

समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, ती आली नाही तर आमचं कामच नाही राहणार. पण खरं सांगू? कामाचं जाऊ द्या. तिला सांगा, मीही वाट बघतेय."

"सांगते की. रडू नको, मेथीत पडंल. तुज्या पाण्यातबी मीठ असतंय."

वर जाणाऱ्या यानात सामानाच्या पिशव्यांशेजारी तिला जागा मिळाली. आवाज फार झाला, तेवढा सोडला तर प्रवास ठीक होता. आभाळाचा निळा रंग संपून काळा लागला, तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. मग पिशवीला वजनच राहिलं नाही. मांडीलाही राहिलं नाही. पदर आपोआप वर उठला, तो तिनं कमरेला खोचला आणि ती पोहोचली.

वरच्या घरात तिघं राहत होती. त्यांत मोठ्या सरदेशमुखबाई. केस बारीक कापलेले, बोलणं गोड, हुकूम त्यांचाच. कुशावर्ता तरंगत दारातून आत आली आणि रीतीप्रमाणं आधी त्यांच्याकडं गेली. माहेरचं माणूस आलं की पहिला शब्द सासूशी बोलायचा असतो. इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं चाललंय का सगळं? आमची सगुणा तरास देत न्हाई ना?"

"छे हो, अगदी गुणी आहे," सरदेशमुखबाई म्हणाल्या. "बसा ना. म्हणजे, काहीतरी धरा."

कुशावर्तानं भिंतीची कडी धरली. "बाई, बाळंतपणाला घिऊन जावं म्हणते. चार दिस."

सरदेशमुखबाई हसल्या, पण ते हसू कुशावर्ताच्या ओळखीचं होतं. तिच्या सासूकडं तसलंच होतं.

"आमची ना कशाला असेल? पण आत्ताच जायलाच हवं का? या खिडकीवर आतून शेवाळासारखं धरतं. ती सगळं खाऊन काच लख्ख ठेवते. ती गेली, तर खिडकी कोण पुसणार?"

"घरात फडकं न्हाई?"

"फडकं आहे. पण तिच्यासारखं कुणी पुसत नाही."

"हे तिला तोंडावर म्हनलात का कदी?"

बाकीचे दोघे आपापल्या यंत्रांकडं वळले. खाली पृथ्वी फिरत होती. कुठलासा समुद्र गेला, मग ढग आले.

"नाही म्हटलं," सरदेशमुखबाई म्हणाल्या. मग त्या स्वतः खिडकीशी गेल्या आणि बंद शंखासमोर थांबल्या. "सगुणा, तुझ्यामुळे रोज खाली बघता येतं. मला माझं गाव याच काचेतून दिसतं. हे तुला आधी सांगायला हवं होतं. जा तू. खिडकी आम्ही बघू."

आता कुशावर्ता पुढं झाली. शंख काचेला चिकटलेला होता, दार लावलेलं. शंखाच्या कडेला पातळ, पांढुरकी, कागदासारखी वाढ दिसत होती. लाडात वाढलेलं हाड आणि वाट बघत वाढलेलं हाड यांतला फरक तिला कळत होता.

"सगुणे, अगं मी आले. कुशा. मेसमधली कुशा."

दार उघडलं नाही. कुशावर्ता घाई न करता थांबली. वाट बघावी लागलेल्या माणसाचा राग आधी निघावा लागतो, मग माणूस निघतो. तिनं पिशवी उघडली. मेथीची पानं बाहेर येऊन तिच्या तोंडाभोवती हिरवी फिरू लागली. तिनं एक पान धरून शंखापुढं नेलं.

"मीठ न्हाई आणलं. चिमूटभरबी न्हाई. समृद्धी तुजी वाट बगतीय. मेसच्या मागं नळापाशी वाफा केलाय, भुसभुशीत. चल की बाई."

दार थोडं उघडलं. एक शिंग बाहेर आलं, मग दुसरं. सगुणेनं पान चाखलं. मग तिनं काच सोडली. जोर करून जी सुटली नव्हती, ती आपणहून कुशावर्ताच्या मनगटावर आली आणि बांगड्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत सावकाश लिहू लागली. लिहून होईपर्यंत कुणीही हललं नाही.

उशीर केलास.

कुशावर्ताला रडू आलं. वर रडण्याची सोय नाही. पाणी खाली पडत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन बसतं. सरदेशमुखबाईंनी ते खिडकीच्या फडक्यानं टिपलं, सगुणेच्या अंगावर थेंब जाऊ न देता. निघताना त्यांनी दोघींची ओटी भरली. तांदूळ नव्हते, सुकवलेल्या मटारचे दाणे होते. दाणे ओटीत राहायला तयार नव्हते, म्हणून कुशावर्तानं मुठीत धरले.

खाली आल्यावर पुढचं सगळं सरळ झालं. सगुणेनं वाफ्यात अंडी घातली. मोत्यांसारखी, मातीच्या पोटात. समृद्धीनं तिचा शंख भिंगाखाली धरला आणि त्यावरच्या रेघा वाचल्या. वर गेल्यावर शंख जाड वाढला होता. अंड्यांचा भार झाला आणि न्यायला कुणी येईना, तिथून रेघ पातळ होत गेली. शेवटी, मेथीचं पान खाल्ल्या दिवसापासून, पुन्हा ठसठशीत रेघ. समृद्धीनं मोठ्या शहरात विज्ञानाच्या सभेपुढं उभं राहून तेच सांगितलं: जीव वर तग धरतो. त्याला न्यायला येणार असं सांगितलेलं असेल, तर जास्त धरतो. एका विद्वानानं विचारलं, याचं कारण काय? ती म्हणाली, "आमच्या मावशींना विचारा." त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

पोरीनं परत येऊन कुशावर्ताचे पाय धरले. "अगं ऊठ," कुशावर्ता म्हणाली, "पीठ लागलंय पायाला." पण पाय तिनं मागं घेतले नाहीत.

सरदेशमुखबाईंचा वरून निरोप आला, सूनबाई कधी येणार? सगुणेनं नळाच्या फरशीवर उत्तर लिहिलं: बाळंतीण आहे, बघू. वरून परत काही आलं नाही. चौबळ साहेब म्हणाले, असं पहिल्या बाळंतपणात होतंच.

पिल्लं निघाली. मेथी खाऊ लागली. मेसच्या नव्या बाईला सक्त ताकीद दिली गेली, की मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवायची. आणि उन्हाळा सरता सरता, वळवाचे दोन शिंतोडे पडल्यावर, सगुणा वाफ्यातून दिसेनाशी झाली.

समृद्धीनं सगळीकडं शोधलं. वाफ्यापासून एक चमकदार रेघ निघाली होती. ती मेसच्या दारातून बाहेर पडली, कॉलेजच्या फाटकाखालून गेली आणि डांबरी रस्त्याच्या कडेनं गावाकडं वळली. वलांडे सरांनी वाकून बघितलं. "काहीतरी कामाला निघालेली दिसते," ते म्हणाले. "अडवू नका." रस्त्यावरच्या माणसांनीही अडवलं नाही. ट्रॅक्टरवाले तेवढ्यापुरतं चाक बाहेर घेत. दुपारी ती एखाद्या दगडाखाली थांबे, संध्याकाळी पुढं निघे. कुशावर्ता रोज त्याच रस्त्यानं कामावर जात होती. सगुणा दिसली की ती विचारायची, "कुटं निगालीस गं?" सगुणा शिंगं हलवायची आणि चालत राहायची.

श्रावण लागला. गल्लीतल्या लेकीसुना कामाचं निमित्त काढून दारात येऊ लागल्या. कुशावर्ता येत नसे. तिनं ते कधीच सोडलं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी ती पाण्याची घागर घेऊन दार उघडते, तर उंबऱ्यावर सगुणा. थकलेली, शंखावर डांबराचा ठिपका. पायरीवर ओल्या रेघेत लिहिलेलं होतं: न्यायला आले.

कुशावर्तानं घागर खाली ठेवली.

"कोण आलंय?" आतून व्यंकटरावानं विचारलं.

"माजा मुराळी."

व्यंकटराव बाहेर आला. खाली बघितलं. सगुणा उंबरा चढून त्याच्या पायापाशी आली आणि थांबली. माहेरच्या माणसानं पहिला शब्द घरच्या माणसाशी बोलायचा असतो. तिनं फरशीवर लिहिलं: चार दिवस न्यावं म्हणते.

व्यंकटरावानं टोपी सारखी केली. त्याच्याकडं अशी परवानगी मागायला बऱ्याच पंचम्यांत कुणी आलं नव्हतं. "न्या की," तो म्हणाला. "पण मुराळी इतक्या लांबून आला, त्याला काही दिलंस का?"

कुशावर्तानं मेथीची पानं आणली. सगुणेनं खाल्ली. तोवर कुशावर्तानं डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतली हिरवी साडी नेसली, नव्या बांगड्या भरल्या आणि पिशवीत धपाटे बांधले. अळणी.

समोरच्या घरातली तारामती दारात उभी होती. "कुटं निगालीस गं कुशा? एवडी नटून?"

"माहेरी," कुशावर्ता म्हणाली. तो शब्द तिला तोंडात गोड लागला, म्हणून तिनं तो पुन्हा म्हटला. "माहेरी जायलीय."

"कुटं हाय माहेर?"

"मेसच्या मागं. नळापाशी."

तारामतीनं मान हलवली. सगुणा पायरी उतरली आणि रस्त्याला लागली. व्यंकटरावानं तिच्याकडं बघितलं, मग लांबवर दिसणाऱ्या कॉलेजच्या टाकीकडं.

"अगं, उचलून घे की तिला. या चालीनं पोचायला पंचमीच काय, दसरा उजाडंल."

"मुराळ्याला कुणी उचलून नेत असतंय का?" कुशावर्ता म्हणाली. "आन् माहेराच्या वाटंला घाई कुनाला हाय?"

ती एक पाऊल पुढं गेली आणि उभी राहिली. सगुणा पुढं सरकेपर्यंत तिनं पदर सारखा केला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं, की हो, न्यायला आलेत. मग दुसरं पाऊल टाकलं.